जवाएवढी खाच

पाच वर्षांच्या ईराने रिकाम्या वाटीवर चमचा आपटला, ठण्ण, आणि सकाळपासून मुकं बसलेलं घर दचकलं. तिचा वरणभात केव्हाच संपला होता, कुणाचं लक्ष नव्हतं. सुजाताने लेकीचं तोंड पुसलं. समोर तिचा नवरा प्रल्हाद मांडीवर फोन ठेवून बसला होता. गावी कावेरीवहिनीला फोन लावायचा होता आणि बोट काही पुढे होत नव्हतं.

कावेरीचा नवरा भिवा, प्रल्हादचा चुलतभाऊ, याच आठवड्यात इथल्या कारखान्यात अपघातात गेला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात दोघे एकाच शेडमध्ये होते. प्रल्हाद मशीनवर व्हॉल्व्हच्या चकत्या कातायचा, भिवा त्या जोडून तेलाच्या दाबाखाली तपासायचा. एक चकती फुटली आणि तिचा तुकडा भिवाच्या छातीत शिरला.

दोघेही गावाकडच्या शेलखोऱ्याचे. त्या खोऱ्यात घरोघर भिंतीवरची घड्याळं बनत. पितळेची चाकं कापायची, दाते कानसायचे, कानाशी धरून चाल ऐकायची. पुढे सेलची घड्याळं आली आणि खोऱ्याची टिकटिक बसली. हात मात्र बसले नाहीत. त्याच ओसऱ्यांवर लेथ आले, पंपांचे भाग बनू लागले, मग कॉम्प्युटरवरची मशीनं आली. केसाच्या जाडीलाही ढोबळ म्हणणारी पोरं चाकणला गेली, तिथून आखातात. जाताना एक रीत तेवढी सगळ्यांनी बरोबर नेली. घरातलं लेकरू दुखण्याने अंथरुणाला खिळलं की हातातल्या चाकाला, आतल्या अंगाने, जवाएवढी खाच मारायची. चाक फिरेल तोवर लेकराचा श्वास फिरेल.

गेल्या महिन्यात ईराला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून सुजातानेच फोन केला होता. "मारा हो एक खाच. आतून कोण बघतंय?"

"अगं, हे घड्याळ नाही."

"पोर तर आपलीच आहे ना!"

मापात तपासून पास झालेल्या एका चकतीला त्याने खाच मारली. ईरा बरी झाली. घड्याळाच्या चाकाला असल्या खाचेचं ओझं कधी झालं नव्हतं, पण दाबाखालचं पोलाद तिथूनच उकललं. फुटलेले तुकडे प्रल्हादने जुळवून पाहिले होते. तडा खाचेतूनच निघाला होता.

"शौकतभाई काय म्हणाले?" तिने हळूच विचारलं. शौकत म्हणजे सुपरवायझर.

"म्हणाले, 'बोल दे, भिवा ने प्रेशर ज़्यादा दिया. मरनेवाला तो गया, खलास.' उद्या सेफ्टीवाल्यांपुढे मला तेच सांगायचंय." त्याने मान वर केली. "मी खरं सांगतो, सुजाता. त्याच्या नावाला काळं नको."

"आणि तुम्हाला आत टाकलं म्हणजे? हिला घेऊन मी कुठे जाऊ?" तिचा आवाज चिरकला. "भिवाभावोजी काही परत येणार नाहीत."

बोलून गेल्यावर तिला स्वतःच्याच जिभेची किळस आली. तरी शब्द मागे घेतले नाहीत.

प्रल्हादने फोन लावला. स्पीकर चालूच राहिला.

"भावोजी," पलीकडून कावेरी म्हणाली, रडून रडून घोगरी झालेली, "माल तुमच्या हातचा होता म्हणतात. मग फुटला कसा? ह्यांचंच काही चुकलं का? खरं सांगा. सासूबाई सारखं विचारतात."

प्रल्हादने सुजाताकडे पाहिलं. तिने ईराला पोटाशी ओढलं आणि खाली मान घातली.

"भिवादादाने... प्रेशर जास्त दिलं, वहिनी."

मग कावेरी म्हणाली, "ते तर चहासुद्धा फुंकून प्यायचे हो," आणि फोन बंद झाला.

प्रल्हाद उठून बाल्कनीत गेला. काचेपलीकडे त्याची पाठ हलत होती.

ईराने आईच्या कुशीतून डोकं बाहेर काढलं आणि शाळेतल्या अर्ध्या इंग्रजीत विचारलं.

"आई, डिडन्ट एनीवन टेल भिवाकाका की ते फुटेल?"