एका दिवसात उठलेली रांग

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही, आणि घाबरट माणसाला लोकही जरा जास्तच छळतात. कारखान्यात तोफगोळ्यांत दारू ठासणारी ही बाई भांडं पडलं तरी दचकायची. म्हणून सोबतिणींनी तिचं नाव ठेवलं वाघीण.

नवरा आघाडीवर. घरी सासूबाई आणि दोन वर्षांची छकुली. कामगारांना राहायला जागा नव्हती, म्हणून कारखान्यामागच्या मैदानात घरं उठत होती, तीही हा हा म्हणता. ट्रकमधून तयार भिंती यायच्या, बोल्ट आवळले की घर उभं. मुकादम ऐटीत म्हणायचा, "बाई, तुम्ही चहाचं आधण ठेवा. उकळेपर्यंत डोक्यावर छप्पर देतो!"

सगळ्या हसायच्या. वाघिणीला मात्र धडकी भरायची. उभं राहायला एवढाच वेळ लागतो, तर पडायला किती लागेल?

हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की छकुलीला घेऊन खंदकात जा, असं ती सासूबाईंना रोज बजावायची. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "माझे गुडघे मला न्हाणीपर्यंत नेत नाहीत, खंदकात कसले नेतायत! आम्ही दोघी आपल्या खाटेखाली."

खाटेखाली! पातळ फळ्यांच्या त्या घरात! कामावर तिच्या डोक्यात दिवसभर तेवढंच घोळायचं.

त्या दिवशी, आदल्या संध्याकाळपासूनची डबल पाळी करून, ती दिवेलागणीनंतर फाटकाबाहेर पडली आणि भोंगा वाजला. दिवे गेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. बाया खंदकाकडे पळाल्या, ही जीव मुठीत धरून घराकडे. घरं सगळी एका साच्यातली, दारांवर नंबर रंगवायलाही कुणाला सवड झाली नव्हती. पण तिची खूण पक्की होती: रांगा संपल्या, पुढे मोकळं मैदान लागलं, की टोकाचं दार आपलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. उजव्या हाताला पाण्याचं पिंप, कोपऱ्यात खाट, खाटेवर कारखान्याची घोंगडी आणि आत झोपलेलं ऊबदार पोर. "सासूबाई!" तिनं हाक मारली. ओ आली नाही, खाटेखाली हात फिरवला तर तिथेही कुणी नव्हतं. 'गेल्या वाटतं कुणाबरोबर पुढे, पोरीला टाकून,' असं म्हणत तिनं पोर घोंगडीसकट छातीशी धरलं आणि धूम ठोकली.

खंदकात पोचली तेव्हा कुठे जिवात जीव आला. तिनं घोंगडीत हात घालून छकुलीचे कुरळे केस कुरवाळले.

केस नव्हतेच. बारीक कापलेलं डोकं हाताला लागलं.

तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. "हे कुणाचं पोर?" ती किंचाळली.

"तुम्ही कुठून उचललंत?" अंधारातून एका बाईनं विचारलं.

"मागच्या रांगेतून. टोकाच्या घरातून."

"अहो, ती रांग नवी. काल तुम्ही कामावर गेल्यावर उठली. आज दुपारी माणसं राहायलाही आली."

वाघीण खंदकाच्या तोंडाकडे धावली. पहारेकऱ्यानं तिला दंडाला धरून मागे ओढलं. "आता बाहेर गेलात तर मराल!" तेवढ्यात पहिला धमाका झाला. माती डोक्यावर पडली. ते पोर तिच्या गळ्याला घट्ट बिलगलं आणि तिला त्याचा रागच आला. ह्याच्या जागी माझी छकुली असती! पण हात काही सुटले नाहीत. भोवती बायकापोरांचा आकांत चालला होता, आणि ती प्रत्येक धमाक्याला आपल्या घराचा अंदाज घेत होती.

सुटकेचा भोंगा झाला तशी ती पोराला घेऊन सुसाट सुटली. घर उभं होतं. खाटेखालून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, ओढ मला बाहेर, अडकलेय मी!" छकुली तिच्या कुशीत अंगठा चोखत होती. वाघीण मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.

मग पोराला घेऊन ती मागच्या रांगेकडे गेली. टोकाच्या जागी फळ्यांचा ढीग होता. माणसं फळ्या उपसत होती. मुकादमही त्यांच्यात फळ्या ओढत होता. ढिगाशेजारी चादरीनं झाकलेल्या एका बाईजवळ एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. पोर दिसताच तो धावत आला आणि थेट तिच्या पायांवर कोसळला.

"बाई, तुम्ही वाचवलंत माझ्या लेकराला! माझी बायको नळावर गेली होती म्हणे. नळापासून खंदक दोन पावलांवर. पोर तुमच्याकडे होतं, मग ही वेडी घरात कशाला परतली?"

वाघीण गप्प राहिली असती तर जन्मभर देवमाणूस ठरली असती.

"तुमच्या लेकराला शोधायला," ती म्हणाली. "मी माझी मुलगी समजून उचललं. तुमच्या बायकोला ठाऊकच नव्हतं हो."

तो सावकाश उठला. त्यानं तिच्या हातातून पोराला हिसकून घेतलं. पोरानं एकच टाहो फोडला आणि दोन्ही हात पसरून ते परत वाघिणीकडे झेपावलं.