गरम गणवेश

कढत कापडाचा वास आला की आजही घुमीला दोन गल्ल्या पलीकडचं डॉक्टरांचं घर आठवतं आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं.

इस्त्रीचं दुकान आणि राहणं एकाच खोलीत. त्या घरात मनातलं बोलून दाखवायला सवड कुणाला? बाबा रागावले की कॉलरवर पाणी जरा जास्तच उडायचं, आई रागावली की इस्त्री आपटायची. घरच्यांना तेवढ्यावरून सगळं कळायचं. बाहेरच्यांनी मात्र पोरीचं नावच घुमी ठेवलं.

तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे डॉक्टरांची मुलगी. त्यांच्याकडे म्हणे रोज जेवताना प्रत्येकाने आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. त्यामुळे तेराव्या वर्षी ही बया रडतानासुद्धा पूर्ण वाक्यं बोलायची!

एका दुपारी तिने सांगितलं, "आम्ही गाव सोडतोय. उद्या माझा शाळेतला शेवटचा दिवस. मला फार वाईट वाटतंय. तुला काय वाटतंय?"

घुमीच्या तोंडून बाहेर पडलं ते एवढंच, "बरं."

"म्हणजे तुला काहीच वाटत नाही," असं म्हणून ती निघून गेली.

घुमी घरी आली ती न जेवताच झोपली. "काय गं, काय झालं?" आईने विचारलं. "काही नाही." आईनेही जास्त खोदून विचारलं नाही.

सकाळी आईने गणवेश हातात दिला, तो कढत. एरवी तो आदल्या दिवशीच इस्त्री होऊन थंडगार पडलेला असायचा. आजी गेली तेव्हा आणि घुमी गणितात नापास झाली तेव्हाच काय तो असा गरम मिळाला होता.

"घाल लवकर, निवेल," आई म्हणाली.

शर्ट अंगात घातला आणि घुमीला रडू कोसळलं. मग नाक पुसत तिने विचारलं, "डॉक्टरांकडचे कपडे झाले?"

"व्हायचेत अजून."

"मी करते."

मैत्रिणीचा गणवेश तिने चांगला दाबून इस्त्री केला, पोटाशी धरला आणि धूम ठोकली. दार मैत्रिणीनेच उघडलं.

"हा एवढा गरम का आहे?"

"घाल लवकर, निवेल."

मैत्रिणीने घुमीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, शर्ट गालाला लावला आणि तशीच उभी राहिली. एकही वाक्य तिला सुचेना.

त्याला आता तीस वर्षं झाली. मैत्रिणीची पत्रं अजून येतात, चांगली चार-चार पानांची. पहिली ओळ मात्र ठरलेली असते : लवकर वाच, निवेल.