बासष्टावे कार्ड

टाचणी टोचली की तुम्ही हात मागे घेता. मला हात नाहीत आणि माझ्या मागे भिंत आहे. मित्रांनो, मी एक जुना सॉफ्टबोर्ड आहे. टोचून घेणे हेच माझे काम. लांबी चार फूट, उंची तीन फूट, अंगावर निळे कापड. ते आता मधोमध फिकट झाले आहे. नागपूरच्या महाल भागात, एका घराच्या पहिल्या मजल्यावर, कूलरच्या बरोबर समोर मी टांगलेला आहे. सध्या मला बरे वाटते. पण गेल्या उन्हाळ्यात मी जितका घाबरलो होतो, तितका कधीच घाबरलो नव्हतो. त्याचे कारण सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

लाकडाचा लगदा दाबून माझे अंग तयार झाले. मला चौकट मिळाली ती शालिकराम फ्रेमवाल्यांच्या दुकानात. तिथे देवांच्या तसबिरी होत्या, दहावीत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो होते. त्या सगळ्यांना काच होती. मला नव्हती. जुन्या खिडकीचे सागवान तासताना शालिकराम म्हणाले, "तसबीर एकदा लावली का झालं. याले मात्र रोज टोचतीन. चौकट पक्की पाह्यजे." पक्की करतानाही त्यांनी खालच्या पट्टीशी नखभर फट ठेवली. मला विकत घ्यायला आलेल्या मुलीने ती लगेच पाहिली.

"शालिककाका, इथे फट राहिली."

"राहिली नाही वं, ठेवली. लाकूड फुगते. त्याले जागा लागते."

ती मुलगी म्हणजे भैरवी. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि चित्रपटाची पटकथा लिहीत होती. तिच्या वडिलांना, म्हणजे गिरिधररावांना, या दोन गोष्टींचा संबंध कधीच कळला नाही. मला मात्र पहिल्या आठवड्यातच कळला. भैरवी कथा सांगत नसे, ती मांडत असे. पांढऱ्या कार्डावर ती काय घडते ते लिही. पिवळ्या कार्डावर पात्राला काय हवे आहे ते लिही. दोन्ही गोष्टी एकाच कार्डावर लिहायच्या नाहीत, हा तिचा नियम होता. एका प्रसंगासाठी एक पांढरे कार्ड. अशी बासष्ट पांढरी कार्डे माझ्या अंगावर होती.

कथा उमरेडच्या एका कबड्डीपटूची होती. त्याचा गुडघा निकामी होतो आणि सहा महिन्यांनी तो नागपूरला अंतिम सामना खेळायला येतो. बासष्टाव्या कार्डावर लिहिले होते : "तो हरतो. उमरेडची बस पकडतो. खिडकीशी बसतो."

या एका कार्डावरून चार वर्षे गेली. मुंबईचे निर्माते फोनवर म्हणत, "शेवटी त्याला जिंकू दे ना. लोक इतक्या आशेने बसलेले असतात."

भैरवी म्हणे, "सर, गुडघा आशेने बरा होत नाही."

तिने अकरा वेळा पटकथा नव्याने लिहिली. पहिली एकसष्ट कार्डे किती वेळा इकडची तिकडे झाली, त्याची गणती नाही. खरे तर गणती आहे. एका दुपारी तिने पट्टी आणि भिंग आणले, माझ्या मध्यभागी दहा सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि त्यातली भोके मोजली. एकशे चौदा निघाली. त्यावरून माझ्या सगळ्या अंगावर सुमारे साडेबारा हजार. मग तिने वहीत लिहिले : "चौकोन मधला घेतला. कडेला टाचण्या कमी लागतात. म्हणजे अंदाज जास्तीचा आहे." आपल्याला सोयीची जागा निवडली की उत्तर चुकते, हे तिला इतके चांगले माहीत होते. पुढे जे झाले त्याचे मला म्हणूनच जास्त वाईट वाटले.

अकराव्या वेळेनंतर निर्मात्यांनी फोन उचलणे बंद केले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी भैरवीने माझ्यावरची कार्डे काढायला सुरुवात केली. तिचा हात नेहमीसारखा नव्हता. टाचणी सरळ न ओढता ती तिरपी उपटत होती. सगळी कार्डे बुटाच्या खोक्यात टाकून तिने सवयीने पांढरी मोजली. एकसष्ट. पुन्हा मोजली. टेबलाखाली पाहिले, कूलरमागे पाहिले.

"हरवला तर शेवटच हरवला," ती म्हणाली आणि खोके माळ्यावर गेले.

मित्रांनो, तो हरवला नव्हता. कार्ड निसटून खालच्या फटीत गेले होते आणि चौकटीच्या आत उभे राहिले होते. ते माझ्यापाशी होते. पण मला बोलता येत नाही. मी कोरा टांगून राहिलो. कोऱ्या बोर्डाला भंगारवाल्याची हाक फार स्पष्ट ऐकू येते.

मार्चमध्ये माझ्यावर पुन्हा टाचण्या आल्या. भैरवीने नागपुरातल्याच एका लहान कंपनीत फँटसी स्पोर्ट्सच्या विश्लेषकाचे काम धरले होते. या खेळात लोक खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपला मनातला संघ करतात. खेळाडू मैदानावर जसे खेळतील तसे त्या संघाला गुण मिळतात. कोण कसे खेळेल याचा अंदाज आधी सांगणे हे विश्लेषकाचे काम.

गिरिधरराव चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. "म्हणजे जुगार का?"

"नाही बाबा. पैसे लावायच्या स्पर्धा कायद्यानं बंद झाल्या. आमच्याकडे फुकट खेळतात."

"फुकटच्या खेळाला पगारी माणूस कशाला लागतो?"

"कोण चांगलं खेळेल ते सांगायला."

"आणि ते तुला माहीत असते?"

"नसते. म्हणून तर आकडे पाहून राहिली."

गिरिधररावांनी कप खाली ठेवला, खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने टोचले. बँकेच्या परीक्षेची जाहिरात होती. अर्जाची शेवटची तारीख पाच जून. "तीन महिने," ते म्हणाले. "चित्रपटाला चार वर्षे दिली, मी बोललो नाही. याला तीन महिने. नाही जमले तर हा अर्ज भरायचा."

तिने मान डोलावली. कूलर सुरू झाला की ते कात्रण माझ्या अंगावर फडफडे. ती दर वेळी तिकडे पाही.

कंपनीची अट साधी आणि कठीण होती. तीन महिन्यांत चाळीस सामने, प्रत्येक सामन्याला पाच अंदाज. एकीकडे भैरवी, दुसरीकडे संगणकाचा एक सरळ नियम : खेळाडूची मागच्या दहा सामन्यांची सरासरी घ्या आणि तोच अंदाज धरा. तिच्या वरिष्ठ कामिनी मॅडम म्हणाल्या होत्या, "सरासरीला हरवलं तर तू कायम. नाही हरवलं तर सरासरी आहेच आमच्याकडे, तिला पगार द्यावा लागत नाही."

भैरवीने पिवळी कार्डे खणात बंद केली. आता फक्त पांढरी. धावा, षटके, वारा, दुखापती. पात्र नाही, इच्छा नाही. मी पुन्हा उपयोगाचा झालो होतो, पण निश्चिंत नव्हतो. तिची बोटे थंड असत आणि सामना सुरू झाला की ती नखांनी माझी कड कुरतडत असे.

शालिकरामांना हे कळल्यावर ते जिन्यावरूनच हाक मारू लागले. गल्लीतल्या अकरा जणांनी या खेळाची आपली लीग काढली होती; ज्याला कप्तान नेमाल त्याचे गुण दुप्पट. आठवड्यात जो सर्वांत मागे, त्याने रविवारी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे.

"काय वं भैरवी, कप्तान कोणाले करू?"

"काका, मी सांगितलं आणि चुकलं तर?"

"तर तुह्या नावानं तिखट जास्त टाकीन."

एकोणचाळीस सामने झाले तेव्हा भैरवीचे एकशे चार अंदाज बरोबर होते, सरासरीचे एकशे दोन. दोनची आघाडी आणि एक सामना बाकी. मे महिन्याचा शेवटचा शनिवार, दुपारी साडेतीनला, नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर. आणि त्या सामन्यात जितेंद्र होता.

जितेंद्र उमरेडचा अष्टपैलू क्रिकेटपटू. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी परतलेला. घरचे मैदान, आईवडील पाहायला येणार. त्याच्याबद्दलची पांढरी कार्डे मी नीट सांगू शकतो, कारण ती माझ्यावरच होती : परतल्यापासून तीन सामन्यांत मिळून चार षटके, बळी शून्य, सर्वाधिक धावा अकरा.

तीन वाजता नाणेफेक झाली. अंदाज पाठवायला अर्धा तास होता. भैरवी माझ्यासमोर उभी होती. मग तिने खण उघडला, एक पिवळे कार्ड काढले आणि भराभर लिहून ते जितेंद्रच्या पांढऱ्या कार्डांवर टोचले. त्या कार्डाने खालचे आकडे झाकले गेले.

माझे अंग आवळले. कूलरच्या दमट हवेने मी फुगलो असेन, असे तुम्ही म्हणाल. तसेही असेल.

पाचपैकी तीन अंदाज तिने जितेंद्रवर लावले. तो तीसच्या वर धावा करील. तो दोन बळी घेईल. तो सामन्यात सर्वाधिक गुण मिळवील. शालिकरामांनाही तिने जिन्यावरून सांगितले, "काका, जितेंद्र कप्तान."

जितेंद्रला गोलंदाजी मिळालीच नाही. फलंदाजीत दुसऱ्या चेंडूवर त्याने उंच फटका मारला आणि तो झेलबाद झाला.

बाकीचे दोन अंदाज बरोबर आले. सरासरीचे चार आले. एकशे सहा आणि एकशे सहा.

कामिनी मॅडमचा फोन आला तेव्हा भैरवी जमिनीवर बसली होती. आवाज स्पीकरवर होता. "बरोबरी म्हणजे हरवणं नाही, हे तुलाही कळतं. पण मला एक सांग, तीन अंदाज एकाच माणसावर कसे? सोमवारी दहापर्यंत कारण लिहून पाठव. मग ठरवते."

त्या संध्याकाळी तिने पांढऱ्या कार्डावर कारण लिहिले आणि वाचून पाहण्यासाठी ते माझ्यावर टोचले : "सकाळी खेळपट्टीवर जास्त पाणी मारल्याने चेंडूची उसळी बदलली. ही माहिती नाणेफेकीपर्यंत उपलब्ध नव्हती." वाचताना अगदी खरे वाटत होते. प्रसंग रचण्यात ती चार वर्षे मुरलेली होती. गिरिधररावांनी चष्मा सावरून वाचले आणि म्हणाले, "चांगले आहे. हेच पाठव."

मला मात्र ते कार्ड सहन होत नव्हते. न घडलेली गोष्ट खरोखर घडली म्हणून माझ्यावर पांढऱ्या कार्डाने प्रथमच टोचली गेली होती. सोमवारी ते कंपनीत जाईल, कदाचित पटेलही. मग पुढचे प्रत्येक पांढरे कार्ड खरे की खोटे, हे मला कसे कळणार? तिला तरी कसे कळणार?

रविवारी सकाळी शालिकराम वर आले. एका हातात झाकलेली ताटली होती.

"घे, पोहे. तुह्या जितेंद्रानं अकरा जणाईचे माह्याच हातून करवले. आपल्या गल्लीतला बळीराम तर दोनदा मागून खाऊन राहिला, अन् वरून मलेच म्हणते, कप्तान चांगला निवडला गा."

भैरवी हसली नाही. "काका, चुकलं माझं."

"पोह्याचं काय मोठं? पण तुहं तोंड काहून असं झालं?" मग त्यांची नजर माझ्यावर गेली. कारागीर माणूस आधी आपले काम पाहतो. "खालचा सांधा सुटला न. कूलरच्या समोर टांगलं कोणं याले? आण बरं पेचकस."

त्यांनी मला भिंतीवरून उतरवले, टेबलावर पालथे घातले आणि पेचकसाने स्क्रू फिरवून खालची पट्टी सैल केली. कार्ड टेबलावर पडले. थोडे वाकलेले, एका कोपऱ्याला गंजाचा डाग. शालिकरामांनी ते लांब धरून मोठ्याने वाचले.

"तो हरतो. उमरेडची बस पकडतो. खिडकीशी बसतो." ते थांबले. "हे कधी लिहिलं? काल?"

"नाही काका. चार वर्षं झाली."

"मग तुले तर पहिलेच मालूम होतं. मले काहून सांगितलं नाही?"

भैरवीने ते कार्ड हातात घेतले. जो जिंकण्याचा शेवट तिने निर्मात्यांना चार वर्षे दिला नव्हता, तोच काल तिने स्वतःच्या हाताने टोचला होता. तिने पाणी मारल्याचे कार्ड उपटले. फाडले नाही, त्यावर "खोटे" असे लिहून बाजूला ठेवले. मग सहा ओळी लिहिल्या. त्यातल्या दोन अशा होत्या : "त्याची तीनही कार्डे माझ्यासमोर होती. तो जिंकावा असे मला वाटत होते, आणि ते वाटणे मी आकड्यांच्या वर लावले."

"हे पाठवशील?" गिरिधररावांनी विचारले. "नोकरी जाईल."

"जाईल बाबा, कदाचित."

सोमवारी दहापासून साडेअकरापर्यंत कूलरशिवाय कशाचाही आवाज आला नाही. कात्रण फडफडत होते. पाच जूनला चार दिवस उरले होते. मग फोन वाजला.

"बाकीचे दोन-दोन पानं पाठवतात," कामिनी मॅडम म्हणाल्या. "बरोबरीवर कायम करता येत नाही. काढतही नाही. अजून तीन महिने. आणि त्या वाटण्याचं काय करशील? ते काही जाणार नाही."

"ते आधी लिहीन, मॅडम. वेगळं. डाव्या बाजूला."

पाच जून आला आणि गेला. सहा तारखेला गिरिधररावांनी माझ्या कोपऱ्यातले कात्रण काढले, घडी करून खिशात ठेवले आणि जाताना म्हणाले, "पुढची जाहिरात ऑगस्टमध्ये येते."

आता माझ्या अंगावर मधोमध दोरा ताणलेला आहे. प्रत्येक सामन्याआधी डावीकडे एक पिवळे कार्ड लागते, मग उजवीकडे पांढरी. बासष्टावे कार्ड सर्वांत वर आहे, गंजाच्या डागासकट. शालिकरामांनी माझा सांधा पक्का केला आणि फट बुजवू का म्हणून विचारले. भैरवी नको म्हणाली. तीन महिने संपायला अजून वेळ आहे आणि तिची बोटे अजूनही थंडच असतात.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. टाचणी काढताना सरळ ओढा. तिरपी उपटली की माझे तंतू पुन्हा जवळ येत नाहीत. काय घडले आणि काय घडावेसे वाटले, हे एका टाचणीने टोचू नका. आणि जुना बोर्ड भंगारात देण्याआधी एकदा त्याची चौकट उघडून पाहा. आम्ही पडलेले धरून ठेवतो, पण हाक मारू शकत नाही.