चरबीच्या पेशीने पूल उचलला

मी एक जुनी चरबीची पेशी आहे आणि एकदा मी अख्खा पूल उचलला आहे. हसू नका, मित्रांनो. आधी ऐकून घ्या, मग हसा.

माझा मुक्काम एका क्रेन चालवणाऱ्या बाईंच्या पोटावर, कातडीच्या लगेच खाली, पट्ट्याच्या बकलापाशी. बाई चांगल्याच जाड. कामावर सगळे त्यांना तोंडावर 'बुरूजताई' म्हणतात आणि त्याही खुशाल 'ओ' देतात. मला कान नाहीत. पण माझ्याकडे येणारं रक्त साऱ्या अंगाची गल्लीबोळं हिंडून येतं, त्यामुळे मला बातम्या मिळतात. जरा शिळ्या, पण खात्रीच्या.

जन्मले तेव्हा मी अगदीच किरकोळ होते. मग बाईंच्या जेवणातलं तेल माझ्या दाराशी येऊ लागलं. तेलाचे बारीक धागे असतात, त्यांना मेदाम्लं म्हणतात. मी तीन-तीन धाग्यांची जुडी बांधते आणि पोटात साठवते. आता माझ्या पोटात एकच भलामोठा पिवळा थेंब आहे आणि बाकीचा संसार भिंतीला चिकटून उभा आहे.

आमचा मुकादम म्हणजे इन्सुलिन. जेवण झालं की तो येतो आणि दरडावतो, "माल आत घ्या! बाहेर काही सोडू नका!" तो निघून गेला की मी जुड्या सोडते आणि धागे हृदयाकडे, स्नायूंकडे धाडते. तिथल्या भट्ट्यांत ते जळतात. बाई क्रेनची उंच शिडी चढतात ती बरीचशी या जळणावर.

आमची आळी शिस्तीची. जागा अपुरी पडली की नव्या पेशी तयार करायच्या, पण कोणी फुटेस्तोवर फुगायचं नाही आणि यकृताच्या अंगणात आपला माल लोटायचा नाही. म्हणून बाई इतक्या जाड असूनही त्यांची साखर ठीक, रक्तदाब ठीक, यकृत स्वच्छ. डबाही तसाच असायचा. कडधान्यं, भाज्या, अंडं, फळ, मूठभर दाणे आणि बेताचं तेल. सगळ्यांचं असं जमत नाही. कित्येक जाड माणसांच्या पेशी तुंबतात, माल भलतीकडे सांडतो आणि दुखणी लागतात. गंमत म्हणजे काही बारीक माणसांच्या यकृतातही चरबी मुक्कामाला असते. वरून कळत नाही, मित्रांनो.

पण यंदा कामावर नवा नियम आला. वजनदार माणसांनी साखरेची तपासणी द्यायची. नापास झाल्यास क्रेनची केबिन दुसऱ्याला. आणि नदीवरच्या पुलाची शेवटची तुळई तेवढी बसवायची राहिली होती! बाकीच्या सगळ्या बाईंनी बसवलेल्या. ही दुसऱ्याने बसवली असती तर बाईंचा जीव तुटला असता.

घरी त्यांची नणंद होती. मायेची, पण अर्धवट वाचून पूर्ण सल्ला देणारी.

"वहिनी, आठ दिवस नुसती काकडी आणि काळा चहा. डॉक्टर तुम्हाला ओळखणारसुद्धा नाहीत."

"अगं, मीच मला ओळखेन की नाही?"

"थट्टा नको. केबिन हवी ना?"

केबिन हवी होती. बाईंनी डबा बंद केला.

मग आमच्या आळीत जी धांदल उडाली! मुकादम येईचना. मी जुड्या सोडतेय, सोडतेच आहे. शेजारणीही सोडताहेत. रक्तात धाग्यांचा नुसता लोंढा. बाई शिडीच्या मधल्या फळीवर मटकन बसल्या. खालचा इशारेवाला वायरलेसवर ओरडला, "ताई, तिथंच बिऱ्हाड थाटलं की काय? पडदे लावून देऊ?"

"गप रे मेल्या," बाई म्हणाल्या. आवाजात दम नव्हता.

तपासणीच्या दिवशी त्यांना गोड पाणी पाजलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. साखर वाढलेली! आयुष्यात कधी वाढली नव्हती ती. बाईंचे डोळे भरून आले.

मलाही कोडं पडलं. खाल्लं काही नाही, मग साखर चढली कशी?

डॉक्टरीणबाईंनाही तेच कोडं पडलं असावं. त्यांनी जुने निकाल पाहिले, चष्मा काढला आणि विचारलं, "गेला आठवडाभर काय खाल्लंत?"

"काकडी," बाई अभिमानाने म्हणाल्या.

"आणखी?"

"चहा. बिनसाखरेचा, अगदी शपथेवर."

"अहो बाई! आठ दिवस अंगाला चरबीच्या जळणाची सवय लावलीत आणि मग एकदम पेलाभर साखर पाठवलीत. स्नायू धागे जाळण्यात दंग. साखर घेणार कोण? ती राहिली रस्त्यात उभी. तीन दिवस नेहमीसारखं पोटभर जेवा आणि परत या."

तर असं होतं ते! मी बसल्या जागी थक्क झाले.

डबा पुन्हा उघडला. मुकादम आला, त्याने मोठ्याने हाक दिली आणि मी आनंदाने दार लावून घेतलं. दुसऱ्या तपासणीत साखर जिथल्या तिथे होती. नणंदेने स्वतःच्याच कपाळावर हात मारला आणि उरलेल्या काकड्या स्वतः खाल्ल्या.

बाई निघाल्या तेव्हा डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "आज सगळं ठीक आहे. उद्याची हमी मी देत नाही. चालत राहा, डबा असाच ठेवा, वजन उतरवायचं ते सावकाश उतरवा. आणि दर वर्षी मला तोंड दाखवा."

आम्ही पेशी साधारण दहा वर्षं जगतो. माझी पाळी आता जवळ आली आहे, म्हणून एवढंच मागते. आम्हाला शिव्या देऊ नका. फुटेस्तोवर भरू नका आणि रागाच्या भरात एकदम रितंही करू नका. रोज बेताचं, सगळ्या प्रकारचं खा. मग आम्ही आपलं काम इमानाने करतो.

आणि पूल? केबिन बाईंकडेच राहिली. तपासणीनंतरच्या सकाळी बाई शिडी न थांबता चढल्या. शेवटची तुळई हवेत झुलत होती. खालून आवाज आला, "ताई, हळू, आणखी हळू... बस्स!" बाईंनी दांडा बोटभर मागे ओढला आणि तुळई जागेवर बसली.

मी तेव्हा नुकतीच एक जुडी सोडली होती. तिच्यातला एक धागा थेट दांडा ओढणाऱ्या त्या बोटाकडे गेला.

आता हसा.