डब्यातली ताई

हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक जिन्यावर बसले, मग खालच्या फर्निचरच्या दुकानातली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली स्टुलं वर आली. टेबलावर एक काळा डबा, त्याला स्पीकर, मागे कॉम्प्युटर, आणि शेजारी मशीनवाले सर.

“डॉक्टर काय बघतात? नाडी, जीभ, रक्त! मन कुणी बघितलंय? आम्ही बघतो! पेशंटच्या वह्या, पत्रं, मेसेज मशीनला द्या. सात दिवसांत त्याचं दुसरं मन तयार. तेही चढतं, तेही उतरतं. औषधाचा प्रयोग त्याच्यावर करा, माणसाला कशाला त्रास?”

टाळ्या पडल्या. डब्याला गोळी कुठून भरवतात, असं मी विचारणार होतो. पण शेजारी बसलेले भाऊजी डोळे पुसत होते. डब्यातून माझी ताई बोलत होती.

“अहो, माफ करा, मी सगळ्यांवर ओझं झालेय. पण आता मला शांत वाटतंय. या गोळ्यांनीच मी बधिर होते.”

आवाज हुबेहूब तिचा. फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून तसा आवाज बनवता येतो, हे मला माहीत होतं. भाऊजींना मात्र ते माहीत करून घ्यायचंच नव्हतं. ताईच्या वह्या तिला न विचारता त्यांनीच दिल्या होत्या.

ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिला बायपोलर आहे. कधी महिनाभर अंथरुणातून उठवत नसे, कधी आठवडाभर झोप नसे. लिथियमच्या गोळ्यांवर मात्र तिची नऊ वर्षं नीट गेली होती. भाऊजींनी घरी तिला डब्याच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

ती म्हणाली, “ही बाई माझ्यापेक्षा शुद्ध रडते. आणि डोकं चढायला लागलं की मला ते कळतच नाही, हाच तर माझा आजार. हिला बरं स्वतःचं सगळं कळतं!”

“बघ, चिडलीस,” भाऊजी म्हणाले. “ती चिडत नाही.”

त्यांनी तिच्या गोळ्यांच्या डबीत गुपचूप जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरल्या. तिला सांगितलं नाही, मलाही नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताईची झोप उडाली. छापखान्यात तिने एका लेखकाचं अख्खं पुस्तक लाल शाईने नव्यानं लिहिलं आणि तसंच छपाईला पाठवलं. मालकांनी तिला घरी बसवलं. दोन दिवसांनी ती भर चौकात अनवाणी उभी राहून गाड्या अडवताना सापडली. इस्पितळात रक्त तपासलं तेव्हा त्यात लिथियम जवळजवळ नव्हतंच.

“गोळ्या कुणी बंद केल्या?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भाऊजींनी खिशातून गोळ्यांची डबी काढली आणि सगळं सांगितलं.

मी शाळेत गणित शिकवतो. उत्तर पटलं नाही की उलटा ताळा करून बघायचा, एवढंच मला येतं. मी सरांचा फॉर्म भरला, नसलेल्या धाकट्या बहिणीच्या नावाने. तिच्या वह्या म्हणून पाण्याच्या पंपाचं दुरुस्तीपुस्तक टाइप करून दिलं. आवाज आमच्या विज्ञानाच्या बाईंचा. त्या ठणठणीत, आणि हॉलमध्ये माझ्यासोबत यायला तयार.

सात दिवसांनी त्याच भरल्या हॉलमध्ये डबा बाईंच्या आवाजात हुंदके देऊ लागला. “दादा, माफ करा, मी सगळ्यांवर ओझं झालेय. पण आता मला शांत वाटतंय. या गोळ्यांनीच मी बधिर होते.”

मी उठलो. “सर, मला बहीण एकच. ती इस्पितळात आहे. हा आवाज या बाईंचा, आणि तुम्ही मशीनला वाचायला दिलंत ते हे पंपाचं पुस्तक.”

सरांनी लगेच हात वर केला. “आजार एक, म्हणून बोल एक!”

“पंपालाही तोच आजार?” बाईंनी विचारलं.

कुणीतरी हसलं. पण मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. “हेच वाक्य डब्यातून माझा मुलगा बोलला होता,” ते म्हणाले. “शब्दन् शब्द. मला वाटलं, फक्त माझ्याशीच बोलला.”

मग एक आई उठली. मग आणखी एक जण. हसू तिथल्या तिथे विरलं.

तेवढ्यात बाईंनी सरांचा कॉम्प्युटर लोकांकडे फिरवला. त्यावर दोनच याद्या, ‘चढ’ आणि ‘उतार’. प्रत्येकीत चाळीस वाक्यं, नावाच्या जागा रिकाम्या. टेबलाखालचं बटण पायाने दाबलं की यादी बदलायची. पंपाचं पुस्तक सरांनी उघडलंसुद्धा नव्हतं. ताईच्या वह्याही तशाच बांधलेल्या निघाल्या.

हॉलला कुलूप लागलं. ताई दोन महिन्यांनी घरी आली. छापखान्याने तिला परत घेतलं नाही. आता ती गोळ्या स्वतः आणते आणि कपाटात कुलपात ठेवते.

भाऊजींनी ते रेकॉर्डिंग अजून पुसलेलं नाही. मी रागावलो तर म्हणाले, “डब्यातली ती निदान माझी माफी तरी मागायची.”

“खरंच जमेल का रे कधी मशीनला, माझ्यासारखं डोकं?” ताईने परवा विचारलं.

मी म्हटलं, “माहीत नाही.” खरंच माहीत नाही. उद्या कुणी जमलं म्हणून सांगेल. तेव्हा हात जोडू नका, ताळा करा. आज मशीन काय सांगतंय ते तारीख घालून लिहून ठेवा आणि महिन्याने पडताळा. दुसऱ्याच्या वह्या देऊन बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बदलू नका.

पण त्याही आधी, ज्याचं मन आहे त्याला विचारा. आम्ही डब्याला विचारलं. ताई तेव्हा घरीच होती, शुद्धीवर होती, आणि तिला बोलता येत होतं.