थांबण्याची खूण

छातीवरचे केस भादरले तेव्हाच क्रेनवाल्याचं डोकं फिरलं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी छातीवर गार चकत्या चिकटवल्या, वायरी जोडल्या, त्या सगळ्या पसाऱ्याचा पट्टा कमरेला आवळला आणि त्याला चालत्या पट्ट्यावर उभं केलं. समोर दाराची काच होती आणि काचेपलीकडे बाकावर मेहुणा बसला होता. त्याला पाहून क्रेनवाल्याच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

त्याला सोबत धाडलं होतं बायकोने, "एकटे जाऊ नका" म्हणून. आणि हे लचांड मागे लावलं कोणी? याच तिच्या भावाने. गेल्या महिन्यात क्रेनच्या शिडीवर क्रेनवाला तीनदा मध्येच थांबला, डावा कोपर बरगडीला दाबून. ते खालून पाहिलं मेहुण्याने आणि सरळ ऑफिसात जाऊन सांगितलं. ऑफिसने फर्मान काढलं: तपासणी करा, मगच वर चढा. बसून काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ आला तरी डॉक्टरीणबाईंचं समाधान होईना. म्हणाल्या, चालवून पाहू.

दोघे एकाच यार्डात. हा वर केबिनमध्ये, तो खाली मालाजवळ खुणा करायला. वर घे, खाली सोड, थांब, एवढंच काय ते अकरा वर्षांत दोघांचं बोलणं, आणि तेही हातांनी. अकरा वर्षांपूर्वी मालाची एक पेटी ट्रकच्या टपावर आदळली होती. चौकशीत क्रेनवाल्याने सांगितलं, थांबण्याची खूण उशिरा आली. मेहुण्याला क्रेन शिकायला पाठवायचं ठरलं होतं, ते तिथेच बारगळलं. तेव्हापासून घरच्या लग्नकार्यातही दोघे एकमेकांकडे पाठ करून जेवत. मधल्या मध्ये मरण व्हायचं ते मेहुण्याच्या ताईचं, म्हणजे क्रेनवाल्याच्या बायकोचं.

"दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयाला जास्त रक्त लागलं की कळतं. नळी चोंदली असेल तर पडद्यावरची ही रेघ खाली बसायला लागते. पण मशीनला सगळं कळत नाही. छातीत दुखलं, गरगरलं, तर लगेच सांगायचं. थांबायचं असेल तर हे लाल बटण."

"मला काही होत नाही," क्रेनवाला म्हणाला. "ॲसिडिटी आहे."

"बरं. चाला."

पहिली तीन मिनिटं तो ऐटीत चालला. मुद्दाम काचेकडे बघून चालला. चढ वाढला तसा घाम फुटला, ते चालायचंच. तिसऱ्या टप्प्यात छातीच्या मधोमध कोणीतरी गुडघा रोवला. तेच ते शिडीवरचं. कळ डाव्या जबड्यात चढली.

"दुखतंय का?"

"नाही."

"रेघ थोडी खाली जातेय. खरं सांगा, काही होतंय?"

"नाही म्हटलं ना."

आज हरलो तर केबिन गेली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सत्तावीस वर्षं ज्या खुर्चीवरून सगळं यार्ड पायाखाली पाहिलं ती खुर्ची, आणि तीही याच्या चुगलीपायी. मेलो तरी चालेल, पण या माणसासमोर थांबणार नाही. त्याने दात आवळले. डावा कोपर आपसूक बरगडीला गेला.

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या. काचेपलीकडे मेहुणा उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हात बाजूला ताठ पसरले, तळवे जमिनीकडे. ती जागच्या जागी थांबण्याची खूण होती. त्यांच्या धंद्यात बाकीच्या खुणा एकाच्याच मानायच्या, पण ही खूण कोणीही करो, कोणावरही राग असो, वरच्याने आधी थांबायचं आणि मग विचारायचं.

क्रेनवाल्याने ठरवलं काहीच नाही. हातानेच ठरवलं. लाल बटण दाबलं गेलं, पट्टा मंदावून थांबला आणि तो दांड्याला लटकला. डॉक्टरीणबाईंनी त्याला पलंगावर आडवं केलं, जिभेखाली गोळी दिली. कागदावर रेघ आणखी खाली बसली होती.

कळ ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "अजून दोन मिनिटं रेटलं असतंत तर मी काय केलं असतं देव जाणे. आता क्रेन बंद. आजच दाखल व्हा, नळ्या पाहायला हव्यात." आणि त्या शेजारच्या खोलीत फोन करायला गेल्या.

मेहुणा आत येऊन पलंगाच्या पायाशी उभा राहिला.

"झालं समाधान?" क्रेनवाला म्हणाला. अकरा वर्षांनी तोंडाने बोललेले हे पहिले शब्द. "खाल्लीस माझी क्रेन."

"मी शिव्या खायला आलेलो नाही, भाऊजी. एकच विचारायचंय. आजची खूण वेळेवर आली?"

क्रेनवाल्याने छताकडे पाहिलं. नाही म्हणायला जीभ वळेना, कारण त्याच जिभेखाली गोळी विरघळत होती.

"आली."

"त्या दिवशीची?"

खोलीत मशीनची बारीक टिकटिक चालू होती. त्या दिवशी खाली हात ताठ झालेले त्याने स्पष्ट पाहिले होते. त्याचा स्वतःचा हातच क्रेनच्या दांड्यावर उशिरा आला होता, आणि खुर्ची जाईल या भीतीने त्याने मेहुण्याचं नाव पुढे केलं होतं. आता खुर्ची गेलीच होती.

"तीही आली होती," तो म्हणाला.

मेहुण्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्याने खुंटीवरचा शर्ट काढला आणि क्रेनवाल्याच्या अंगावर फेकला.

"नळ्या दुरुस्त करून घ्या. ताईसाठी म्हणतोय, तुमच्यासाठी नाही. आणि चालता यायला लागलं की यार्डात येऊन हेच सगळ्यांपुढे सांगा. त्यासाठी शिडी चढावी लागत नाही."