सुखदेव त्या दिवशी घरी होता

सुखदेवचा उजवा डोळा फौजेतच गेला, हे वच्छलाला जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणालाच नव्हतं. ईशान्येच्या पहाडात रस्त्यासाठी सुरुंग लावून खडक फोडायचं काम तिच्या नवऱ्याच्या पलटणीकडे होतं. एक दिवस दगडाची कपची उडाली ती थेट डोळ्यात. तिथल्या दवाखान्यात टाके पडले, सुटी मिळाली. डॉक्टरनं बजावलं, घरी उताणं पडून राहायचं, वाकायचं नाही, बाहेर भटकायचं नाही. त्याप्रमाणे सुखदेव पांढुर्ण्याला आला, पण आला तो नेमका पोळ्याच्या तोंडावर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, आणि या काठावरून पांढुर्णेवाले, त्या काठावरून सावरगाववाले एकमेकांना दिवसभर गोटे हाणतात. ज्याच्या डोक्यावर एखादी खोक नाही, त्याला इथं कुणी पुरुषात धरत नाही. वच्छलाचं सासर पांढुर्णा आणि माहेर सावरगाव. तेव्हा दरसाल तिच्या जिवाला दोन्ही काठांचा घोर. त्या वर्षी मात्र ती निम्मी निर्धास्त होती, कारण नवरा दिवसभर आतल्या खोलीत उताणा पडून होता आणि ती त्याच्या उशाशी बसली होती.

तिचे सासरे रघुनाथराव म्हणजे काठावरचं बडं प्रस्थ. तरुणपणी त्यांनी झेंडा तोडून आणला होता आणि त्या बळावर ते अजून मिशीला पीळ देत होते. संध्याकाळी ओट्यावर मंडळी जमली. कुणीतरी खोचकपणे विचारलं, "रघुनाथराव, तुमचा फौजी नाही दिसला नदीवर?"

"नाही दिसला?" म्हातारा उसळला. "तुमचे डोळे कुठं होते? पट्टी बांधून उतरला होता माहा वाघ, वरच्या घाटावर!"

झालं. त्या एका थापेला गल्लीत हातपाय फुटले. कुणी म्हणालं त्यानं सावरगावच्या दोघांना लोळवलं, कुणी म्हणालं तो पळसापर्यंत पोचला होता. वच्छला आतून ऐकत होती. सासऱ्यांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं, म्हणून तिनं ओठ दाबून धरले. पुढे त्या गप्प बसण्याचा तिला फार संताप यायचा.

सुटी संपवून सुखदेव परत गेला, पण डोळा वाचला नाही. फौजेनं त्याला घरी पाठवलं. त्यानं अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा केला, तेव्हा मूळ प्रश्न एकच होता, डोळा नोकरीपायी गेला की दुसऱ्या कशानं. सुटीत काय झालं याची चौकशी करायला गावात पोलीस ठाण्याचा जमादार आला. सुखदेव तेव्हा नागपूरला दवाखान्यात, वच्छला त्याच्यासोबत. रघुनाथरावांनी जमादाराला चहा पाजला आणि तीच कथा अधिक रंगवून सांगितली. गल्लीनंही हौसेनं री ओढली. जमादारानं ऐकलं ते लिहिलं, यात त्याचा काय दोष?

उत्तर आलं. कपचीची जखम बरी होण्याजोगी होती, डोळा सुटीत गावच्या दगडफेकीत मार लागून गेला असावा, नोकरीशी संबंध दिसत नाही, दावा खारिज.

सुखदेव दिवसभर जेवला नाही. "पेन्शनचं सोड," तो वच्छलाला म्हणाला, "पण मी खेळात डोळा फोडून घेतला अन् फौजेच्या माथी मारून राहिलो, असं ठरलं ना हे?"

दोघं छिंदवाड्याला गेले. तिथल्या सैनिक दफ्तरात एक म्हातारे निवृत्त हवालदार अशीच कामं बघत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अपील करता येते," ते म्हणाले. "पण तिथं दिल्लीले माणूस उभा राहत नाही, फाइल जाते. वरचे साहेब तुझं तोंड पाहणार नाहीत. अन् फाइलीत तुझ्या बापाचंच बयान तुझ्याविरुद्ध हाये. ते खोडून काढणारा गवाह आण, सौसरच्या तहसिलीत साहेबापुढं त्याचं बयान लिवून घे. मुदत जाऊ देऊ नको."

सुखदेव नदीवर नव्हता असं लिहून मागायला वच्छला तडक सावरगावला भावाकडे गेली. कवडू खूश झाला. "लिवून देतो ना! जवाई भिऊन घरात लपले होते, हे आमच्या साऱ्या काठाले ठाऊक हाये."

"भिऊन?" वच्छला ताडकन उठली. "राहू दे तुही गवाही, दादा. सुरुंगाच्या धुरात उभं राहून पाय, मंग कोण भितं ते समजंल." आणि तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

घरी आली तर ओट्यावर नेहमीची बैठक भरलेली. एरवी ती तिथून खाली मान घालून आत गेली असती. आज तिनं पदर खोचला आणि ती सगळ्यांपुढे उभी राहिली.

"मामाजी, तुमचा पोरगा त्या दिवशी घरी होता. सौसरले चला अन् साहेबापुढं तसं सांगा."

"मी आता या वयात खोटारडा ठरू काय?"

"तुमच्यापायी ते खोटारडे ठरले, ते चालते काय तुमाले?" ती हटली नाही. "तुमी नाही आले तर मी चौकात उभी राहून सांगतो. मले कोणाची लाज नाही."

मंडळी गुपचूप चपला शोधू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र रघुनाथराव कोट-टोपी घालून अंगणात उभे होते. "सौसरची मोटर निघून जाईन," ते गुरकावले. "चला ना लवकर!"

तिघं सौसरच्या तहसिलीत पोचले. साहेबांनी दोन्ही बयानं ताडून पाहिली आणि मान हलवली. "आज सांगता घरी होता. मग तेव्हा उलटं का सांगितलं? हे लिहिलं नाही तर वरचे यातलं कोणतं खरं मानतील?"

रघुनाथरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"लाज वाटली," ते म्हणाले.

"कशाची?"

"पोराची. पहाड फोडता फोडता त्याचा डोळा गेला, त्याची शान नाही वाटली मले. तो नदीवर उतरला नाही तर लोकं काय म्हणतीन, त्याची लाज वाटली."

सुखदेवचा चेहरा उतरला. बापानं कौतुकापोटी थाप मारली, असंच तो आजवर समजत होता. तो कसाबसा म्हणाला, "साहेब, एवढं नका लिवू. म्हातारं माणूस हाये."

"लिवा!" वच्छला म्हणाली. सासऱ्यांपुढे, साहेबांपुढे, साऱ्या कचेरीपुढे. "हेच खरं हाये. दिल्लीले खरं तेच जाऊ द्या."

साहेबांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं.

"सून बरोबर बोलून राहिली," रघुनाथराव म्हणाले. "लिवा. सही कुठं करू?"

अपील मंजूर झालं. डोळा नोकरीतच गेला, असं सरकारनं मान्य केलं. बातमी दोन्ही काठांवर पसरली आणि तिच्याबरोबर म्हाताऱ्याचं बयानही.

त्या वर्षीच्या गोटमारीला पलीकडून कवडूनंच तोंड उघडलं. "ओ रघुनाथराव! तुमचा वाघ घरात लपला होता म्हणे?"

सावरगावचा काठ खिदळला. पांढुर्ण्याचा काठ खाली बघू लागला. रघुनाथराव रिकाम्या हातानं गर्दीतून वाट काढत पाण्यापर्यंत उतरले आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, "घरीच होता! डॉक्टरनं सांगतलं म्हणून घरी होता! माह्या पोराचा डोळा फौजेत गेला! आयकू आलं काय रे, सावरगाव?"

देवळाच्या ओट्यावर बायकांच्या घोळक्यात वच्छला उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, माहेरच्या काठाकडे तोंड केलं आणि तीही तेवढ्याच जोरानं ओरडली, "आयकू आलं काय रे, कवडूदादा?"